वादळानंतरची मदत : कोणाला, कोणती आणि किती दिवस?

(मावळ तालुक्यातील भात उत्पादक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येचा व्याख्याता भाताच्या गावात बोलायला उभा राहिला म्हणजे रोपवाटिका, चारसूत्री लागवड आणि युरिया-ब्रिकेट हे ओघाने येणारच, असे आपण धरून चालता. त्यातले थोडे आजही येईल. पण आजचा मुख्य विषय वेगळा आहे. नैसर्गिक संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्या शेतकऱ्याने मदत कशी करावी, याबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे. हा विषय समाजसेवेचा आहे, शेतीशास्त्राचा नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कोणती मदत कोणत्या आठवड्यात पोहोचली पाहिजे हे पीक ठरवते, आणि म्हणून हा विषय आपल्याच खात्यात येतो.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. किनारा ओलांडून ते ईशान्येकडे सरकले आणि सह्याद्री चढून पुणे जिल्ह्यात शिरले. चक्रीवादळ ही किनारपट्टीची गोष्ट, घाटमाथ्यावर त्याचे काय, अशी आपली समजूत होती. ती त्या एका दुपारी मोडली. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यामुळे पावसाचे आपल्याला नवल नाही. आपली घरे, खाचरे, बांध, सांडवे सगळे पावसाच्या हिशोबाने बांधलेले आहे. वाऱ्याचा हिशोब मात्र आपण कधी केला नव्हता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात जे पत्रे नुसते खडखडतात, ते १०० किलोमीटरच्या वाऱ्यात खिळ्यांसकट उखडून जातात.

मावळात त्या दिवशी घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले, झाडे उन्मळली, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे पुढे काही दिवस अंधारात राहिली. पवन मावळातील फूल उत्पादकांची हरितगृहे फाटली, काहींचे सांगाडे वाकले. लक्षात घ्या, तो टाळेबंदीचा काळ होता. मार्चपासून फुलांचा बाजार बंद होता, गुलाब आणि जरबेरा तोडून फेकून द्यावे लागत होते. लोणावळ्यातील हॉटेले बंद असल्यामुळे तेथे कामाला जाणारी घरातील मुले घरीच बसून होती. म्हणजे शेतीचे आणि नोकरीचे दोन्ही उत्पन्न थांबलेल्या घरावर हे वादळ आले.

अशा वेळी माणसे धावून आली. आपत्तीत माणूस माणसाला विसरत नाही हे मावळाला कोणी शिकवायला नको. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आपल्याच तालुक्यात, सुदुंबरे येथे आहे. डोंगरात अडकलेल्यांना खाली आणणारे लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’चे कार्यकर्ते आपल्याच ओळखीचे आहेत. स्वतःच्या गावातले पत्रे गोळा करून झाल्यावर घाटाखाली धान्य, ताडपत्र्या आणि मेणबत्त्या घेऊन गेलेल्या गाड्याही आपण पाहिल्या आहेत. तेव्हा मदतीची इच्छा आपल्यात आहे की नाही, हा प्रश्नच नाही. मला बोलायचे आहे ते या मदतीला असलेल्या दोन खोडींबद्दल. मदत रस्त्याच्या कडेला थांबते, आणि मदत पंधरा दिवसांत संपते.

पहिली खोड. आपत्तीनंतर येणारी गाडी जेथे डांबर संपते तेथे रिकामी होते. हमरस्त्यावरच्या गावात तांदळाची चार-चार पाकिटे घरात येतात आणि आत तीन किलोमीटरवर असलेल्या कातकरी वाडीपर्यंत काही पोहोचत नाही. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. झाड पडून वाट बंद असते, गाडीवाल्याला परत जायचे असते, आणि वाडीतून रस्त्यावर येऊन हात पुढे करणारे कोणी नसते. दुसरे असे की, सरकारी मदत नोंदीवरून चालते. सातबारा, घराचा उतारा, बँकेचे पासबुक ही तिची पायवाट. ज्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे, जो अर्धेलीने करतो, ज्याची झोपडी गावठाणाबाहेर आहे, त्याचे नुकसान झालेले सर्वांना दिसते, पण कागदावर ते होतच नाही. म्हणून गावाने स्वतःहून करायची मदत नेमकी येथून सुरू झाली पाहिजे. ज्याचा पंचनामा होणार आहे त्याला सरकारवर थोडे सोडता येईल. ज्याचा होणार नाही, त्याचे नाव गावाच्या यादीत सर्वांत वर लिहावे.

पंचनाम्याबद्दल येथेच सांगून टाकतो. पडझड आवरण्याआधी फोटो काढून ठेवावेत. शक्यतो फोटोत घर किंवा झाड आणि मालक दोघेही दिसावेत, तारीख उमटावी. हातात मोबाईल असलेल्या गावातील तरुणांनी हे काम पहिल्या दिवशी घरोघर जाऊन करावे. मदतीची पिशवी घेताना ओशाळून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढण्यापेक्षा त्याच्या पडलेल्या भिंतीचा काढला तर तो कामाला तरी येईल. २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपले पीक आपणच नोंदवायचे असते. त्यात बांधावरची झाडेही नोंदवता येतात आणि बहुतेक जण ती नोंदवत नाहीत. आंबा, फणस, नारळ जे काही असेल ते झाड उभे असतानाच नोंदवावे. सामाईक खाते असेल, भाऊबंद मुंबईला असतील, तर संमतीपत्राचा घोळ वादळानंतर निस्तरत बसण्यापेक्षा गणपतीला किंवा जत्रेला सगळे गावी आले असताना निस्तरावा. पीकविम्याच्या अटी वेळोवेळी बदलतात. त्या वर्षीच्या अटी भरणा करतानाच विचारून घ्याव्यात.

आता भाताकडे वळू. ३ जून ही तारीख पुन्हा आठवा. राब भाजून झालेले, काहींनी धूळवाफेवर पेरणी उरकलेली, उरलेल्यांचे बियाणे घरात पोत्यात किंवा कणगीत. ज्याच्या घरावरचा पत्रा गेला त्याचे बी भिजले. या घरात आपण पाच किलो तांदूळ, साखर आणि तेल पोहोचवतो. ते लागतेच, पण त्या आठवड्यात त्या घराला त्याहून मोठी गरज बियाण्याची असते, आणि ती कोणी विचारत नाही. जूनमध्ये रोपवाटिका हुकली तर दिवाळीला खळे रिकामे. मग जूनमध्ये दिलेला तांदूळ पुढचे वर्षभर पुन्हा पुन्हा द्यावा लागेल.

भिजलेल्या बियाण्याचे काय करावे हे शेजाऱ्याने जाऊन सांगितले तरी ती मोठी मदत होते. कोंब फुटू लागले असतील तर बी वाळवू नये. एखादे खाचर चिखलून रहू पद्धतीने ताबडतोब टाकावे. नुसते ओलसर झाले असेल तर घरात पातळ थर देऊन वाऱ्यावर सुकवावे. तापलेल्या पत्र्यावर किंवा डांबरी रस्त्यावर पसरू नये, कोंब मरतो. त्यानंतर न निवडता शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि सातव्या दिवशी किती रुजले ते पाहावे. ८० किंवा त्याहून जास्त रुजले तर बी चांगले आहे. ६० ते ७० रुजले तर त्या प्रमाणात बी वाढवावे. त्याहून कमी असेल तर ते बी पेरून मजुरी आणि जागा वाया घालवू नये. त्या वेळी दुसरे बी मिळवून देणे हीच मदत.

हे दुसरे बी किंवा रोप आणायचे कोठून? एक हेक्टर लावणीसाठी सुमारे १० गुंठे रोपवाटिका आणि ३५ ते ४० किलो बियाणे लागते. गावातील वीस शेतकऱ्यांनी आपापल्या रोपवाटिकेत प्रत्येकी अर्धा गुंठा जादा पेरला, तर एक हेक्टरची रोपे गावात शिल्लक उभी राहतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन किलोच्या आत बी येते. आपल्याकडे एक हेक्टर म्हणजे तीन-चार लहान कुटुंबांचे वर्षाचे भात. वादळ आले नाही, नाळे फुटले नाहीत, कोणाची रोपवाटिका वाहून गेली नाही, तर ही रोपे नांग्या भरायला वापरावीत. मला विचाराल तर शंभर रुपयांच्या वर्गणीपेक्षा हा अर्धा गुंठा जास्त मोलाचा आहे.

यात दोन काळज्या घ्याव्यात. वाण मिसळू देऊ नयेत. आपल्याकडे ‘इंद्रायणी’चे क्षेत्र मोठे आहे. आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून तयार झालेला हा वाण आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानेच १९८७ साली दिला. ‘इंद्रायणी’च्या खाचरात दुसऱ्या वाणाची रोपे गेली तर कापणी मागेपुढे होते आणि तांदळाचा भाव जातो. मदत घेणारा संकोचाने काही बोलत नाही. म्हणून रोपांच्या मुडीला वाणाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधूनच रोप द्यावे. दुसरी काळजी वयाची. २१ ते २५ दिवसांचे रोप उत्तम. महिन्यापेक्षा जुने रोप उपकार म्हणून देऊ नये, त्याला फुटवे कमी येतात. उशीर फारच झाला असेल तर १३५ ते १४० दिवसांच्या ‘इंद्रायणी’चा आग्रह सोडून ‘कर्जत-१८४’सारखा हळवा वाण घ्यावा.

रोपे दिली, पण हात कोठून आणायचे? सावड आपल्याकडे अजून आहे, पूर्वीइतकी नसली तरी आहे. सावडीत आज तू माझ्या आवणीला, उद्या मी तुझ्या, अशी परतफेड असते. वादळात ज्याच्या घरातील कर्ता माणूस जायबंदी झाला, जी बाई एकटीने शेत करते, तिला ही फेड जमणार नाही. त्या वर्षी त्या घराची आवणी इर्जिकीने करावी. ज्याचे काम त्याने जेवण घालायचे, ही इर्जिकीची रीत. तेथेही जेवण मंडळाने घालावे, त्या घराने नव्हे. ही बाब बारीक वाटते. परंतु पंधरा माणसांना जेवू घालण्याच्या धास्तीने माणसे मदत नाकारतात.

जनावरांचा विचार सगळ्यांत शेवटी होतो. घरावरच्या पत्र्याबरोबर गोठ्याचेही छप्पर जाते आणि पावसाळ्यासाठी रचून ठेवलेला पेंढा भिजतो. बुरशी आलेला पेंढा जनावरांना घालू नये. ज्याच्याकडे कोरडा पेंढा आहे त्याने चार-चार भारे दिले तरी बैलजोडी विकण्याची वेळ टळते. चिखलणीच्या तोंडावर घाईने विकलेला बैल निम्म्या किमतीत जातो आणि घेणारा बहुधा ओळखीचाच असतो. यावर मी अधिक बोलत नाही.

हरितगृहांविषयी थोडक्यात. वादळाची सूचना एक दिवस आधी मिळाली आणि वारा ताशी ८०-९० किलोमीटरच्या पुढे जाणार असे दिसले, तर प्लॅस्टिक कापून काढून सांगाडा वाचवणे हा कडवट पण शहाणपणाचा मार्ग आहे. प्लॅस्टिक कागद काही वर्षांनी बदलावाच लागतो, लोखंडी सांगाडा पुन्हा उभा करायचा तर कर्जही पुन्हा काढावे लागते. चार तासांत अर्ध्या एकराचा कागद एकट्या कुटुंबाला उतरवता येत नाही, आठ-दहा माणसे लागतात. शेजारच्या भातवाल्यांनी या कामाला जावे. फूलवाला पैसेवाला असतो, त्याचे तो पाहून घेईल, ही आपल्याकडची समजूत बरोबर नाही. त्याच्या हरितगृहावर बँकेचा बोजा असतो आणि त्याच्याकडे रोज फुले तोडायला येणाऱ्या बाया आपल्याच गावच्या असतात.

आता घाट उतरून खाली जाऊ, कारण मदतीची दुसरी खोड तेथे स्पष्ट दिसते. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तेथील वाड्यांमध्ये नारळ वर, त्याखाली पोफळी, त्याखाली जायफळ, मिरी, केळी अशी उतरंड असते. वादळात ही उतरंड वरून खाली कोसळली. भाताचे पीक गेले तर पुढच्या जूनमध्ये दुसरे येते. आंब्याची फांदी मोडली तर काप गुळगुळीत करून बोर्डो पेस्ट लावल्यास नवी फूट येते. माडाला आणि पोफळीला फांदी नसते. शेंड्याला एकच कोंब, तो मोडला की झाड संपले. नवी पोफळ लावायची तर वर्ष-दीड वर्षाचे रोप लागते, आणि ते लावल्यापासून पहिले पीक येण्यास पाच-सहा वर्षे, बाग भरात येण्यास दहा. बाणवली नारळाचेही सात-आठ वर्षांशिवाय काही दिसत नाही. म्हणजे २०२० साली आडवी झालेली पोफळीची वाडी दुसऱ्याच वर्षी पुन्हा लावली असली, तरी तिला पूर्वीचे उत्पन्न येण्यास २०३१ उजाडेल. आणि मेणबत्त्यांच्या गाड्या जून २०२० मध्येच परत फिरल्या.

शासनाने त्या वेळी फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी वाढीव मदत दिली. देशावरच्या फळबागेला हा हिशोब ठीक आहे. कोकणातील वाडी गुंठ्यांवर मोजतात. पाच गुंठ्यांच्या वाडीला या दराने सुमारे अडीच हजार रुपये होतात. पोफळी २.७ मीटर अंतरावर लावल्या असतील तर पाच गुंठ्यांत ६५ ते ७० झाडे बसतात. एका झाडामागे ३५-४० रुपये, आणि पडलेले झाड तोडून बाहेर काढण्याची मजुरी यापेक्षा जास्त. पुढे झाडांच्या संख्येवर मदत देण्याचा निर्णय घ्यावा लागला तो यामुळेच.

त्या वाड्यांना सुरुवातीला सर्वांत जास्त कशाची गरज होती? एकावर एक पडलेल्या खोडांमुळे मालकाला स्वतःच्या वाडीत पाऊल टाकता येत नव्हते. यांत्रिक करवत, ती चालवणारा माणूस, इंधन आणि खोडे ओढणारे दहा हात, ही खरी मदत होती. टाळेबंदीमुळे मजूर मिळत नव्हते तेव्हा तर अधिकच. कलंडलेली लहान झाडे पहिल्या आठ-दहा दिवसांत उभी करून, मुळांवर माती ओढून, टेकू दिला तर पुष्कळशी जगतात. महिन्याने गेलात तर फक्त सरपण मिळते. त्यानंतरच्या वर्षी रोपे आणि केळीचे कंद हवे असतात, कारण वरची सावली गेलेल्या वाडीत पोफळीचे कोवळे रोप उन्हाने करपते, त्याला केळीची सावली द्यावी लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाण्याची मोटर बिघडलेली असते आणि हातात पैसा नसतो. ही मदत मागायला कोणी येत नाही आणि वर्तमानपत्रात तिची बातमीही नसते.

आपल्या जिल्ह्यातील माळीणचेच पाहा. ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून १५१ माणसे गेली. देशभरातून मदत आली. आमडे येथील नव्या गावातील घरे लोकांच्या ताब्यात येण्यास एप्रिल २०१७ उजाडला. मधल्या तीन पावसाळ्यांत त्यांची शेती कोणी पाहिली, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? २०२१ ला तळीये झाले, २०२३ ला इर्शाळवाडी झाली. प्रत्येक वेळी आपण धावलो आणि प्रत्येक वेळी लवकर परतलो.

१९९८ साली मध्य अमेरिकेत ‘मिच’ नावाचे हरिकेन आले. आपल्याकडच्या चक्रीवादळालाच तिकडे हरिकेन म्हणतात. होंडुरास, निकाराग्वा आणि ग्वाटेमालातील हजारो एकर माती वाहून गेली. तेथील लहान शेतकऱ्यांची एक चळवळ आहे, शेतकऱ्याने शेतकऱ्याला शिकवायचे अशी. वादळानंतर त्यांनी स्वतः गावोगाव फिरून शेजारशेजारची शेते जोडीने मोजली. ज्यांनी समतल बांध, गवताच्या ओळी आणि झाडे राखली होती त्यांच्या शेतात सुपीक माती जास्त टिकलेली आढळली. ही मोजदाद करणारे आणि नंतर शेजाऱ्याच्या शेतात बांध घालायला जाणारे हात एकाच प्रकारचे होते. मला त्यातले आवडले ते हे की, नुकसान पाहायला गेलेला माणूस तेथे शेतीविषयी काहीतरी देऊन आला आणि काहीतरी शिकूनही आला.

आपल्याला हे अवघड नाही. मावळातील एका गावाने रायगडातील एक वाडी धरावी. सगळा तालुका वाटून घेण्याच्या योजना मी सुचवत नाही, त्या कागदावर राहतात. एक गाव, एक वाडी. वर्षातून दोनदा जावे, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा सुपारी उतरण्याच्या वेळेस. जाण्यापूर्वी फोन करून काय हवे ते विचारावे आणि जे सांगितले तेच न्यावे. जुने कपडे नेऊ नयेत. २००१ च्या भूज भूकंपानंतर रस्त्याकडेला पडलेले कपड्यांचे ढीग ज्यांनी पाहिले, त्यांना कारण सांगायला नको. परतताना त्यांच्याकडून सुपारी, नारळ, जायफळ विकत घेऊन यावे, योग्य भावाने. आपला ‘इंद्रायणी’ तांदूळ त्यांनी घ्यावा. असा व्यवहार मदतीपेक्षा जास्त वर्षे टिकतो.

आणि तयारीला आपल्याकडे काय कमी आहे? गावची दिंडी दरवर्षी शेकडो माणसांना वाटेवर दोन वेळा जेवू घालते, पाल ठोकते, पाण्याचा टँकर सांभाळते, आजाऱ्याला दवाखान्यात नेते. मोठी पातेली, ताडपत्र्या, गॅसबत्त्या, दोर, सगळे एका खोलीत रचलेले असते. आपत्तीचे सामान म्हणून जी यादी पुस्तकात छापतात ती बहुतेक सगळी या खोलीत आहे. मे महिन्याच्या ग्रामसभेत त्या खोलीची किल्ली कोणाकडे असेल हे ठरवावे. गावात यांत्रिक करवत कोणाकडे आहे, ट्रॅक्टर आणि जनित्र कोणाकडे, कोरडा पेंढा किती, कोणत्या घरात एकटी म्हातारी राहते, कोणत्या वाडीला जाणारी वाट पहिल्या वाऱ्यात बंद होते, हे एका वहीत लिहून घ्यावे. जादा अर्धा गुंठा कोण पेरणार त्या वीस जणांची नावेही त्याच वहीत असावीत, वाणासह. पेरणी सुरू होण्यास आता फार दिवस नाहीत.